मुंबईतील बिऱ्हाडांची मोजदाद

मुंबईची लोकसंख्या किती, या प्रश्नाचे उत्तर मुंबई कोठे संपते असे मानायचे यावर अवलंबून असते. 2011च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत, म्हणजे कुलाब्यापासून एकीकडे दहिसर आणि दुसरीकडे मुलुंडपर्यंत, 1 कोटी 24 लाख 42 हजार माणसे राहत होती. जनगणना खात्याच्या परिभाषेत ज्याला नागरी समूह म्हणतात, म्हणजे मुख्य शहर आणि त्याला सलग लागून वाढलेली भोवतालची शहरे मिळून तयार झालेला अखंड वस्तीचा पट्टा, तो हिशेबात घेतला आणि ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही शहरे धरली, तर हाच आकडा 1 कोटी 84 लाखांवर जातो. या समूहात वसई-विरारचा समावेश मात्र नाही. 12 लाखांहून अधिक वस्तीचे ते स्वतंत्र नागरी क्षेत्र म्हणून नोंदले गेले. सकाळी विरारहून चर्चगेटला निघणाऱ्या गाडीत ज्याने कधी पाय ठेवण्याचा प्रयत्न केला असेल, त्याला हे वर्गीकरण पचनी पडणे कठीण आहे.

एकूण आकड्यातून मात्र या शहराविषयी फारसे काही समजत नाही. 2001 ते 2011 या दहा वर्षांत बृहन्मुंबईची लोकसंख्या जेमतेम चार टक्क्यांनी वाढली, आणि तेवढ्यावरून एखाद्याने हे शहर आता स्थिरावले असा निष्कर्ष काढला तर तो फसेल. कारण याच काळात मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव या जुन्या बेटाची, वस्ती 33 लाख 38 हजारांवरून 30 लाख 85 हजारांवर उतरली, उपनगर जिल्ह्याची सुमारे आठ टक्क्यांनी वाढली, आणि शेजारचा तेव्हाचा ठाणे जिल्हा 36 टक्क्यांनी वाढून 1 कोटी 10 लाखांसह देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. माणसे थांबली नव्हती, ती सरकत होती, आणि सरकताना त्यांच्या कुटुंबांची घडण बदलत होती. म्हणून मुंबईचा लोकसंख्याशास्त्रीय इतिहास समजून घ्यायचा तर डोक्यांपेक्षा बिऱ्हाडांकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

जनगणनेतील कुटुंब म्हणजे रक्ताचे नातेवाईक नव्हेत. सर्वसाधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे, मग त्यांचे आपापसांत नाते असो वा नसो, एक कुटुंब मानली जातात. वसतिगृहासारख्या ठिकाणी परस्परांशी नाते नसलेली माणसे सामाईक स्वयंपाकावर राहत असतील, तर त्यांना संस्थात्मक कुटुंब असे वेगळे नाव दिले जाते. व्याख्या कागदावर स्वच्छ दिसते, परंतु मुंबईने तिची कायम परीक्षा पाहिली आहे.

मुंबई बेटाची पहिली पद्धतशीर शिरगणती 1864 साली झाली, तेव्हा अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाचा भाव गगनाला भिडला होता आणि शहरात 8 लाख 16 हजार माणसे मोजली गेली. तेजी ओसरल्यानंतर 1872 साली हाच आकडा 6 लाख 44 हजार भरला. 1896 साली मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली, मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्लेगच असल्याचे ओळखले, आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले. 1901च्या जनगणनेत 7 लाख 76 हजार माणसे मिळाली, परंतु महापालिकेने 1906 साली स्वतंत्र गणना करविली तेव्हा ती 9 लाख 77 हजार निघाली. पाच वर्षांतली ही वाढ जन्मांमुळे झालेली नव्हती, हे उघड आहे. गावाकडचा दरवाजा उघडा ठेवूनच माणसे मुंबईत राहत होती, आणि संकट आले की त्या दरवाजाने परत जात होती.

1921 साली शहरातील शंभरांपैकी केवळ सोळाजण मुंबईत जन्मलेले होते. बाकीचे बाहेरून आलेले, आणि त्यांत सर्वाधिक भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा, ज्यात तेव्हा आजचा सिंधुदुर्गही येत असे. लिंग-गुणोत्तर, म्हणजे दर हजार पुरुषांमागे असलेली स्त्रियांची संख्या, त्या वर्षी सव्वापाचशेच्या आसपास होती. याचा अर्थ, शहरातील जवळजवळ निम्म्या पुरुषांच्या बरोबरीने येथे स्त्री नव्हती; ती कोकणात किंवा घाटावर शेत राखत, म्हाताऱ्यांचे करत आणि मनीऑर्डरची वाट पाहत होती. चाकरमान्याचे एकच कुटुंब दोन ठिकाणी विभागलेले असे, आणि जनगणना त्याचे दोन तुकडे दोन जिल्ह्यांत स्वतंत्रपणे नोंदवीत असे.

गिरणगावातील गावकीच्या खोल्या हे या विभागणीचे सर्वांत ठळक रूप होय. एखाद्या गावातील मंडळींनी मिळून लालबाग-परळच्या चाळीत एक खोली भाड्याने घ्यावी आणि तीत गावचे वीस-पंचवीस पुरुष राहावेत, अशी ही व्यवस्था होती. भिंतीलगत प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या वळकट्या. दिवसपाळीचा गडी उठून गेला की त्याच जागी रातपाळीहून परतलेला अंग टाकी, त्यामुळे खोलीत सगळे एकाच वेळी क्वचितच झोपलेले असत. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती खलाशांच्या, खानसाम्यांच्या आणि वादकांच्या कुडी, म्हणजे गाववार सामाईक निवास, धोबीतलाव आणि माझगाव भागात याच तत्त्वावर चालत. प्रत्येक गावाची स्वतंत्र कूड असे, तीत गावच्या संताची वेदी असे आणि संध्याकाळी तिच्यासमोर सामुदायिक प्रार्थना होई. बोटीवरून उतरलेला माणूस पुढची बोट मिळेपर्यंत तेथे राही.

अशा खोलीच्या दाराशी उभ्या राहिलेल्या प्रगणकाची, म्हणजे घरोघर जाऊन माहिती भरून घेणाऱ्या कर्मचाऱ्याची, पंचाईत ध्यानात घेण्यासारखी आहे. आजची व्याख्या तेथे लावली, तर सगळे मिळून एक स्वयंपाकी ठेवत असतील तेव्हा ती पंचवीस माणसे एकच कुटुंब ठरतात. तेच पंचवीसजण वेगवेगळ्या खानावळीत जेवत असतील, तर त्याच चार भिंतींत पंचवीस एकट्यांची कुटुंबे उभी राहतात. खानावळी चालविणाऱ्या बहुतेक स्त्रिया गिरणी कामगारांच्याच घरांतल्या होत्या, आणि त्यांच्या चुलीवर आपल्या माणसांखेरीज आणखी दहा-पंधराजणांचे जेवण शिजत असे. प्रेमा पुरव यांनी 1975 साली याच स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. कुटुंबाची सरासरी किती माणसांची, हे सांगणारा कोणताही तक्ता वाचताना ही चूल नेमकी कोणत्या रकान्यात गेली असेल हे विचारणे भाग पडते.

पुढे बायका-मुले येऊ लागली, परंतु खोल्या वाढल्या नाहीत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, या ठिकाणी 207 चाळी बांधल्या, त्यांतील खोली 160 चौरस फुटांची; तीत आई-वडील, दोन मुलगे, सुना आणि नातवंडे अशी तीन पिढ्यांची बिऱ्हाडे नांदली. दुसरे महायुद्ध आणि फाळणी यांमुळे 1941 ते 1951 या दशकात बेटावरची वस्ती 15 लाखांवरून 23 लाखांवर गेली, आणि 1947च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविल्यामुळे राहत्या भाडेकरूला संरक्षण मिळाले तरी भाड्यासाठी नव्या चाळी बांधण्यात कोणाला स्वारस्य उरले नाही. जागा सोडायची नाही, आणि सोडलीच तर पागडी, म्हणजे ताबा सोडण्याबद्दलची रक्कम, घेऊन, असा व्यवहार रुळला. 2011 सालीही बृहन्मुंबईतील निम्म्याहून अधिक कुटुंबे एकाच खोलीत राहत होती, ही गोष्ट गगनचुंबी इमारतींच्या जाहिरातींमुळे सहज विसरली जाते.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरणगाव पूर्ववत झालेच नाही. एकट्या पुरुषाला बोलावून घेणारा मोठा उद्योग संपला. बेटावरचे लिंग-गुणोत्तर 2001 साली 777 होते, ते 2011 साली 832 झाले, तर उपनगरांत ते 822 वरून 860 वर गेले. या वाढीचे श्रेय पुष्कळदा घाईने स्त्रियांच्या सुधारलेल्या स्थितीला दिले जाते, परंतु मुंबईपुरते तरी हे गुणोत्तर प्रामुख्याने स्थलांतराचे माप आहे: एकटे पुरुष कमी आले आणि जे होते त्यांची कुटुंबे झाली, एवढेच त्यातून खात्रीने म्हणता येते. एकट्यांच्या खोल्या नाहीशा झाल्या असेही नाही, त्या जागा बदलून साकीनाका, गोवंडी आणि भिवंडीकडे गेल्या आहेत, आणि त्यांत राहणाऱ्यांच्या बायका आता रत्नागिरीऐवजी उत्तर प्रदेश-बिहारमधील गावी असतात.

बेट रिकामे होण्याची प्रक्रिया घराघरांत घडली. गिरगावातील खोलीत दोन भावांची लग्ने झाली की एकाने डोंबिवलीला किंवा बोरिवलीला जागा घ्यायची, खोलीवर हक्क दोघांचा राहायचा आणि आई-वडील तेथेच राहायचे, हा क्रम मराठी मध्यमवर्गात इतका रूढ झाला की त्याची कोणी चर्चाही करीत नाही. जेथे माणसे राहत तेथे गोदामे, दुकाने आणि सराफांच्या पेढ्या आल्या. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर यांचा मिळून होणारा महापालिकेचा सी विभाग 2001 साली 2 लाखांच्या पुढे होता, तो दहा वर्षांत 1 लाख 66 हजारांवर आला. मालाडचा पी उत्तर विभाग एकटाच 9 लाखांच्या वर पोहोचला.

मातृभाषेचे आकडे याच संदर्भात वाचले पाहिजेत. बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे 2001 साली 45 लाख 23 हजार होते, ते 2011 साली 44 लाख 4 हजार झाले. हिंदी सांगणारे 25 लाख 88 हजारांवरून 35 लाख 98 हजारांवर गेले. हे आकडे भांडणासाठी फार वापरले जातात आणि समजून घेण्यासाठी कमी. मराठी कुटुंबांचा एक मोठा भाग पालिकेची हद्द ओलांडून ठाणे जिल्ह्यात गेला, आणि जनगणनेत भोजपुरीसह पन्नासांहून अधिक मातृभाषा हिंदी या शीर्षकाखाली एकत्र केल्या जातात, या दोन्ही गोष्टी जमेस धरल्या की चित्र बदलते, जरी ते पुसले जात नाही. पारशी समाजाची घट मात्र अशा स्पष्टीकरणाने सुटणारी नाही. मुख्यत्वे मुंबईत एकवटलेला हा समाज देशभरात 2001 साली 69,601 होता आणि 2011 साली 57,264 उरला, याचे कारण उशिरा होणारी किंवा न होणारी लग्ने आणि अत्यल्प जन्म हेच आहे.

घरे नाहीत, असे ज्या शहराविषयी बोलले जाते, त्यात 2011 साली सुमारे 4 लाख 80 हजार घरे रिकामी नोंदली गेली आणि त्याच वेळी 52 लाख माणसे, म्हणजे जवळजवळ 42 टक्के, झोपडपट्टीत राहत होती. येथे रिकामे घर आणि बंद घर यांत जनगणना फरक करते: मे महिन्यात लालबागची मंडळी गावी गेली म्हणून कुलूप लागलेली खोली बंद असते, तर गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली सदनिका, जीत कोणीच राहत नाही, ती रिकामी. 2021ची जनगणना लांबणीवर पडली आणि नव्या गणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भतिथी जाहीर झाली आहे. तोपर्यंत मुंबईविषयी सांगितला जाणारा प्रत्येक ताजा आकडा हा अंदाज असतो. घरयादीच्या 2011च्या प्रपत्रात कुटुंबाच्या ताब्यात खोल्या किती आणि त्यात विवाहित जोडपी किती, असे दोन साधे प्रश्न होते. त्यांची उत्तरे विभागवार शेजारी शेजारी मांडली, तर किती नवरा-बायकोंना स्वतःची खोली नाही हे कळते, आणि एकूण लोकसंख्येच्या आकड्याआधी अभ्यासकांनी हाच तक्ता मागायला हवा.