बोअरचा इसार देण्यापूर्वी
(शाखेच्या वार्षिक सभेतील भाषण)



मागण्यांचा विषय सकाळी झाला. आता थोडे गावाविषयी बोलू. आपण रेल्वेत असू वा टपाल खात्यात, भुसावळला असू, इटारसीला वा सिकंदराबादला. निवृत्तीनंतर आपल्यातले बरेच जण गावीच जाणार आहेत.

११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरसाठी पाण्याची गाडी सुटली. मांजरा धरण कोरडे पडले होते. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाणी सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींतून एका फेरीला पंचवीस लाख लिटर जाऊ लागले. आपल्या खात्याने काम चोख केले, याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु ते पाणी शहरासाठी होते. खेड्यांच्या वाट्याला टँकरच. वाडीवस्तीला कुठला आलाय लोहमार्ग?

त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये पुराने शेतातली माती खरवडून नेली. मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाले, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी मांडले आहे. पावसाळी गस्त घालणाऱ्या आपल्या गँगमनला हे आकड्यांवाचूनही कळते. एकदम कोसळलेले पाणी मुरत नाही, माती घेऊन पळते. त्याला डोंगरउतारावर समतल चरांनी आणि शेतात बांधांनी अडवले, तर पुरातही उपयोग आणि दुष्काळातही.

पण नुसते अडवून भागत नाही. नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारला पाऊस बेताचाच. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने चर खणले, झाडे लावली. आणि त्याहून अवघड गोष्ट केली. पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडायचा, माणसांचे व जनावरांचे पाणी आधी बाजूला ठेवायचे, उरेल त्यावर रब्बीची पिके ठरवायची. ऊस-केळी नाही. शेतीसाठी बोअर नाही.

आणि आम्ही काय करतो? फंड, ग्रॅच्युइटी हाती आली की पहिले बोअरचे यंत्र बोलावतो. दोनशे फुटांवर लागले नाही तर चारशे. आमच्यापैकी एकाच्या बोअरला पाणी लागले, तेव्हा गावात पेढे वाटले. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या विधवा बाईंची विहीर आटली. त्यांच्या घरात ना पगार, ना पेन्शन. मालकापुढे एकजुटीच्या घोषणा देणारे आम्हीच, बांधापलीकडे मात्र पाहिले नाही. हे बोलताना बरे वाटत नाही.

कार्यकारिणीने असे ठरवले आहे की, पुढील मासिक सभेत यंदा निवृत्त होणाऱ्यांची यादी वाचली जाईल. त्यांनी बोअरवाल्याला इसार देण्यापूर्वी आपल्या ग्रामसभेत विषय मांडावा आणि गाव काय म्हणाले ते शाखेत येऊन सांगावे. ज्यांना हे मान्य नाही त्यांनीही यावे. वाद तिथेच घालू.