चांदीचा रंग आणि चौदा दिवस



हेलिकोबॅक्टर पायलोरीचा विषय निघाला की आपण थेट बॅरी मार्शल यांच्यापाशी पोचतो. 1984 मध्ये त्यांनी जंतूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं, काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि 2005 मध्ये रॉबिन वॉरेन यांच्यासोबत नोबेल मिळालं. गोष्ट रंगतदार खरी, पण त्या प्रयोगात मार्शल यांच्या जठराला सूज आली होती, अल्सर झाला नव्हता. माझ्या मते वजन आहे ते त्यांच्या 1988 सालच्या चाचणीला. ज्यांच्या पोटातला जंतू गेला, त्यांचा अल्सर उलटण्याचं प्रमाण खूपच घटलं होतं.

मला मात्र अस्वस्थ करतात ते एडी पामर. 1940 मध्ये बॉस्टनच्या फ्रीडबर्ग आणि बॅरन यांनी शस्त्रक्रियेत काढलेली 35 जठरं चांदीच्या क्षारांनी रंगवून पाहिली होती. त्यांतल्या 13 जठरांत नागमोडी जंतू दिसले. 1954 मध्ये पामर यांनी हजाराहून जास्त माणसांच्या जठराचे तुकडे तपासले आणि त्यांना एकही जंतू सापडला नाही. रंग त्यांनी नेहमीचाच वापरला होता, आणि त्यात हे जंतू सहज नजरेतून निसटतात. नमुने हजारावर, म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. जठरातल्या आम्लात जंतू टिकणारच कसा, हे उत्तरही तयारच होतं. (टिकतो तो युरियापासून अमोनिया तयार करून, आपल्याभोवतीचं आम्ल मारत.) पुढची 25 वर्षं अल्सरच्या रुग्णांच्या व्हेगस नसा कापल्या गेल्या, जठरं अर्धी काढली गेली. 1979 मध्ये पर्थला वॉरेन यांनी पुन्हा चांदीचा रंग वापरला, तेव्हा ते जंतू तिथेच होते.

आज आपल्याला चाचणी मिळते, औषधं मिळतात. तरीही वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेणारे रुग्ण आपल्या सगळ्यांच्याच ओपीडीत आहेत. त्यांतल्या किती जणांची जंतूची तपासणी झाली आहे? प्रत्येक जळजळ जंतूमुळे होत नाही, हे मान्य. संसर्ग असलेल्या बहुतेकांना अल्सर होतही नाही, आणि गुडघेदुखीच्या गोळ्यांनीही अल्सर होतो. पण ज्याला अल्सर आहे, त्याचा जंतू तपासायचाच राहिला तर त्याला सबब नाही. 1994 पासून हा जंतू कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे.

उपचारांतही आपण घाई करतो. रुग्णाला पाचव्या दिवशी बरं वाटतं आणि चौदा दिवसांचा कोर्स तिथेच थांबतो. जुलाबाच्या प्रत्येक रुग्णाला आपण वर्षानुवर्षं मेट्रोनिडॅझोल दिलं. आता आपल्याकडच्या पायलोरीच्या बऱ्याच प्रकारांवर ते चालत नाही, आणि क्लॅरिथ्रोमायसिनही त्याच वाटेवर आहे. कोर्स संपल्यावर जंतू गेला की नाही, हे पाहायला फारच थोडे रुग्ण परत येतात, कारण परत या असं आपण त्यांना सांगतच नाही.

म्हणून एवढीच विनंती: चौदा दिवसांच्या चिठ्ठीवरच पुढच्या तपासणीची तारीख लिहा, औषधं संपल्यानंतर चार आठवड्यांची. त्याआधीचे दोन आठवडे पित्ताची गोळी बंद ठेवायला सांगा, नाहीतर श्वासाची चाचणी जंतू असूनही नाही म्हणेल. पुढचं सत्र प्रतिजैविकांच्या निवडीवर आहे. वक्त्यांना मी बोलावतो.