आजीबाईच्या बटव्यातील रसायनशास्त्र



मराठी कुटुंब कोणत्याही प्रांतात स्थायिक झाले, तरी दाढ ठणकली की लवंग, पोट दुखले की ओवा आणि सर्दी झाली की निलगिरी, हे उपचार त्याच्यासोबत जातात. या तिन्हींचा गुण मुख्यतः त्यांतील सुगंधी तेलांमुळे असतो.

सुगंधी तेल आणि खाद्यतेल यांत साम्य केवळ नावापुरते आहे. कागदावर तिळाच्या तेलाचा डाग कायम राहतो. निलगिरीच्या शुद्ध तेलाचा थेंब मात्र काही वेळाने उडून जातो. कारण सुगंधी तेलाचे रेणू लहान व सहज बाष्परूप होणारे असतात. म्हणूनच पाण्याच्या वाफेबरोबर ते वनस्पतीतून वेगळे काढता येतात. यांतील बहुसंख्य रेणू पाच कार्बन अणूंच्या घटकांची जोडणी होऊन बनलेल्या ‘टर्पीन’ कुळातील असतात. या कुळाची संगती लावणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो वालाख यांना १९१० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

लवंगेच्या तेलातील प्रमुख घटक म्हणजे युजेनॉल. ते दातातील वेदना बधिर करते आणि जंतूंची वाढ रोखते. दंतवैद्य झिंक ऑक्साइडमध्ये ते मिसळून दात तात्पुरता भरतात. तथापि त्याने ठणका थांबतो, कीड बरी होत नाही. ओव्यातील थायमॉल जंतुनाशक आहे. त्याचेच स्फटिक बाजारात ‘ओव्याचे फूल’ म्हणून मिळतात. पुदिन्यातील मेंथॉलने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. वस्तुतः आतील सूज उतरत नाही, केवळ थंडावा जाणणारे चेतातंतू उद्दीपित होतात.

येथेच एक सावधगिरी आवश्यक ठरते. आजीबाईच्या बटव्यात अखंड लवंग होती आणि चिमूटभर ओवा होता. मात्रा वनस्पतीनेच बांधून दिलेली होती. बाटलीतील तेलाला ही मर्यादा उरत नाही. लवंगेच्या चमचाभर तेलात शेकडो लवंगांचे सत्त्व एकवटलेले असते. ‘वनस्पतीपासून मिळालेले ते निरुपद्रवी’ हा समज त्यामुळे घातक ठरतो. चहाचा चमचाभर निलगिरी तेल पोटात गेल्यास लहान मूल अत्यवस्थ होऊ शकते. देवघरातील कापूर गिळल्यास काही मिनिटांतच आकडी येऊ शकते. अशा वेळी मुलाला उलटी करवू नये. बाटली वा पुडी सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. दोन वर्षांखालील बाळाच्या नाकाशी वा छातीवर कापूर, मेंथॉल किंवा निलगिरी चोळू नये. या बाटल्या आणि कापराची डबी मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागीच असाव्यात.

बटव्याचा वारसा टाकून देण्याचे कारण नाही. त्यातील गुणाचे कारण समजून घ्यावे आणि मात्रेचे भान ठेवावे. विज्ञानाच्या तासाला शाळा शिकवते ते हेच. घरोघरी तेवढे पाळले गेले, तरी त्या शिक्षणाचे सार्थक होईल.