रानातल्या मुक्कामाला बंदूक न्यावी का?



दिवाळी उरकली की आमच्या मलकापुरातून रानाकडे जाणाऱ्यांची संख्या वाढते. कुणी मोताळ्यावरून राजूर घाट चढून ज्ञानगंगा अभयारण्य गाठतं, कुणी सोनाळ्याच्या बाजूने अंबाबरव्यात शिरतं, कुणी मेळघाटात कोलकास-सेमाडोहला मुक्काम करतं. ज्या घरात आजोबांच्या वेळची बारा बोअरची बंदूक आहे, तिथे निघायच्या आदल्या रात्री एक प्रश्न ठरलेला असतो. रानात राहायचंय, बायकामुलं सोबत आहेत, तर बंदूक घ्यावी का? आणि घ्यायची तर कोणती?

प्रश्न काळजीपोटी आलेला असतो, म्हणून त्याचं उत्तर सरळ देतो. अभयारण्यात मुक्काम असेल तर कोणतीही बंदूक नेऊ नका.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं ३१ वं कलम सांगतं की मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कुणालाही शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही. खिशात बंदुकीचा परवाना असला तरी त्याने हे कलम सुटत नाही. पण मला याहून महत्त्वाचं वाटतं ते ११ वं कलम. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌हेतूने एखादं जनावर मारलं वा जखमी केलं, तर तो गुन्हा नाही, असं हे कलम म्हणतं. लोकांना एवढंच ऐकून माहीत असतं. पुढची अट कुणी सांगत नाही. त्या क्षणी तुम्ही याच कायद्याचं दुसरं एखादं कलम मोडत असाल, तर हे संरक्षण तुम्हाला मिळत नाही. म्हणजे बिनपरवानगी बंदूक घेऊन अभयारण्यात शिरलात आणि खरोखरच जिवावर बेतलं म्हणून गोळी झाडलीत, तरी शिकारीचा आरोप तुमच्यावर येऊ शकतो. जी वस्तू आधार म्हणून नेली, तीच तुमचा कायद्याचा आधार काढून घेते.

दुसरी गोष्ट परवान्याच्या कागदाची. परवाना कोणत्या हद्दीपुरता आहे, हे त्यावर लिहिलेलं असतं. आपल्याला बऱ्हाणपूर जवळचं, पण ते मध्य प्रदेशात आहे. महाराष्ट्रापुरत्या परवान्याची बंदूक गाडीत ठेवून तिकडच्या रानात निघालात, तर राज्याची हद्द ओलांडताच ते हत्यार बेकायदा ठरतं. वडिलांच्या नावची बंदूक मुलाने मित्रांसोबत नेणं हाही गुन्हाच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यातल्या शिक्षा आणखी कडक झाल्या आहेत.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. बंदूक रानात उपयोगी तरी पडेल का? आपल्या जिल्ह्याच्या रानात माणसाला खरी भीती अस्वलाची आहे. अस्वलाचं नाक तीक्ष्ण, पण नजर आणि कान बेताचे. वारूळ उकरत किंवा मोहफुलं वेचत ते आपल्याच नादात असतं. माणूस गुपचूप चालत अगदी जवळ पोचला की दचकतं आणि अंगावर येतं. अंतर थोडं असतं, वेळ क्षणभराचा. खांद्यावरची बंदूक उतरवून, नेम धरून चाप ओढायला सवड मिळते कुठे? घाईत छऱ्याचं काडतूस झाडलं तर अस्वल जखमी होतं, आणि जखमी अस्वल मागे फिरेलच असं नाही. त्यापेक्षा हातात काठी आणि लांब झोताची बॅटरी असू द्या, मोठ्याने बोलत चला, एकटे फिरू नका. पहाटे आणि तिन्हीसांजेला मोहाखाली जाऊ नका. तरीही अस्वल अंगावर आलंच तर पालथं पडून दोन्ही हातांनी मानेची मागची बाजू झाकून घ्यावी, कारण जखमा बहुतेकदा डोक्याला आणि तोंडाला होतात.

वाघाचं म्हणाल तर टिपेश्वरचा टी-वन-सी-वन आठवा. यवतमाळ जिल्ह्यातून निघून १,३०० किलोमीटरहून अधिक चाल करत तो २०१९ च्या डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगेत आला. वाटेत किती वावरं, किती गावं लागली असतील! दिवसा झुडपात दडायचं आणि रात्री चालायचं, असा त्याचा प्रवास झाला. गळ्यात रेडिओ कॉलर नसती तर कित्येक गावांना तो गेल्याचं कळलंही नसतं.

आता जागलीचा प्रश्न. हा वेगळा आहे आणि सहलीच्या प्रश्नाहून कितीतरी गंभीर आहे. डोंगराच्या कुशीतला शेतकरी हरभरा आणि मका राखायला वावरातल्या खोपीत रात्र काढतो. वीज रात्रीची असली की पाणी द्यायलाही तेव्हाच जातो. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत वर्षाची मेहनत मातीत घालतात. त्याने बंदूक मागितली तर मी त्याला दोष देणार नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, आणि ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर बिनआट्याच्या नळीची, बारा बोअरसारखी, दुसरी बंदूकही मिळू शकते. मला विचाराल तर ही दुसरीच बरी. ठासणीची बंदूक एकदा भरली की रिकामी करायला बहुधा ती उडवावीच लागते, म्हणून खोपीत ती भरलेलीच पडून राहते, आणि शेजारी लेकरं निजलेली असतात. बारा बोअरची नळी खाली वळवली की काडतूस हातात येतं. रायफल मात्र सपाट वावरात कुणी वापरू नये. तिची गोळी किलोमीटरभराच्या पुढे जाते, आणि तिकडेही कुणीतरी जागलीला बसलेलं असतं.

पीक राखण्याचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी होत नाही. ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते.

आणि कुंपणाच्या तारेत मेन लाइनची वीज सोडणं तर आजच्या आज थांबवा. या तारांनी महाराष्ट्रात माणसांचे जीव घेतले आहेत. कधी शेजारी गेला, कधी तार लावणाराच.

ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे आणि घर अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत आहे, त्यांनी वनखात्याकडे आपली नोंद झाली आहे का ते तपासावं. ३४ व्या कलमाने ती आवश्यक आहे. सहलीला जाणाऱ्यांनी बंदूक घरी कुलपात ठेवावी, काडतुसं वेगळ्या कुलपात. रानात किंवा वावरात जनावराची अडचण आली तर वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. तो आत्ताच लिहून घ्या.