पाहिलेला 'स्वामी' आणि वाचलेला 'स्वामी'

१९८० च्या दशकांत दूरदर्शनवर 'स्वामी' ही मराठी मालिका दाखविली गेली. ज्या घरांतून ती पाहिली गेली, तेथें थोरले माधवराव पेशवे म्हणजे रवींद्र मंकणी आणि रमाबाई म्हणजे मृणाल कुलकर्णी, हें समीकरण मनांत असें कांहीं बसलें कीं, तें आजहि पुसलें गेलेलें नाहीं. दिग्दर्शक होते गजानन जागीरदार. १९४४ सालीं प्रभातच्या 'रामशास्त्री' चित्रपटाचें दिग्दर्शन करून त्यांतील रामशास्त्र्यांची भूमिकाहि त्यांनींच केली होती. पेशव्यांचा दरबार त्यांच्या जुन्या परिचयाचा होता.

या मालिकेचें मूळ म्हणजे रणजित देसाई यांची त्याच नांवाची कादंबरी. ती १९६२ सालीं प्रसिद्ध झाली आणि १९६४ सालीं तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मालिका आधीं पाहून मग कादंबरी हातीं घेणाऱ्यास पात्रांचे चेहरे आयते मिळतात. कल्पनेला तेवढें काम कमी. तथापि पुस्तकाचें जें खास देणें आहे तें त्यामुळें हिरावलें जात नाहीं. पडद्यावरील प्रसंग आपल्या गतीनें पुढें जातो. वाचक मात्र एखाद्या वाक्यापाशीं थांबूं शकतो, मागें वळूं शकतो. माधवरावांस सोळाव्या वर्षीं, म्हणजे १७६१ सालीं पेशवाई मिळाली. पानिपतास तेव्हां वर्षहि झालें नव्हतें. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं, क्षयानें त्यांचा अंत झाला. हा शेवट वाचकास ठाऊक असतो. उजव्या हातांतील पानें जसजशीं कमी होत जातात, तसतसा त्या आयुष्याचा आखूडपणा त्यास बोटांनीं जाणवूं लागतो.

परंतु हें पुस्तक पुण्यांत वाचणें निराळें आणि मौद्यास वाचणें निराळें. मौदा हें नागपूर-भंडारा रस्त्यावर, कन्हानच्या कांठीं वसलेलें गांव. माधवरावांच्या काळीं हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता आणि गादीवर जानोजी भोसले होते. १७६३ सालीं जानोजींनीं निजाम अलीच्या सोबतीनें पुणें लुटलें. त्याच वर्षीं राक्षसभुवनच्या लढाईच्या वेळीं ते निजामास सोडून पेशव्यांस मिळाले. पुढें त्यांनीं राघोबादादांचा पक्ष घेतला. १७६८ सालीं धोडप येथें माधवरावांनीं आपल्या चुलत्यांचा पराभव केला आणि मग त्यांची दृष्टि जानोजींकडे वळली. १७६९ च्या आरंभीं पेशव्यांच्या फौजेनें नागपूर लुटलें. त्याच वर्षीं कनकापूरच्या तहानें हा झगडा मिटला.

ज्या तरुण पेशव्याच्या आजारपणानें मौद्याच्या एखाद्या घरांत डोळे पाणावले असतील, त्याचीच फौज त्या घराच्या पूर्वजांच्या राजधानीवर चालून आली होती! मग ती करुणा फुकट गेली असें समजावें काय? मुळींच नाहीं. कादंबरीकारानें आपला नायक मुख्यतः त्याच्या आप्तांमध्यें उभा केला आहे: माता, पत्नी, चुलते यांच्यामध्यें. तेथून दिसणारा माधवराव खरा आहे. १७६९ सालीं नागपुरांतील एखाद्या दुकानदारास जो माधवराव दिसला असेल, तोहि खराच. कादंबरीनें या दुसऱ्या माणसाची कैफियत मांडलीच पाहिजे, असा आग्रह धरणें योग्य नव्हे; तो शोध वाचकानें स्वतः घ्यावयाचा असतो. तसेंच पुण्याच्या वाचकानें नागपूरच्या लुटीची आठवण ठेवावी आणि नागपूरकरानें १७६३ च्या पुण्याची.

म्हणून ज्या वडीलधाऱ्यांनीं ती मालिका पाहिली असेल, त्यांनीं मुलानातवांस तिचें कौतुक सांगून थांबूं नये. कादंबरी त्यांच्या हातीं द्यावी. ती वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा: त्या वर्षीं आपलें गांव कोणाच्या बाजूस असतें? उत्तर शोधतांना मुलें इतिहासाचें पुस्तक आपणहून काढतील आणि माधवरावांविषयींचा त्यांचा आदर त्यानें उणावण्याचें कांहींच कारण नाहीं.