शेतावरचा मिलिटरी बूट : निवड, माप आणि सराव



पेरणी तोंडावर आली की आपण बियाणं निवडून घेतो, अवजारांना धार लावतो, बैलांना पत्री मारून घेतो. बैलाचा पाय दुखला तर औत बांधावर उभं राहतं, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. पण औतामागं चालणाऱ्या माणसाच्या पायाचं काय? त्याच्या पायात झिजलेली स्लिपर, नाहीतर काहीच नाही. आज बोलायचं आहे ते या पायाबद्दल, म्हणजे शेतात वापरायच्या चामड्याच्या उंच बुटाबद्दल. बाजारात आपण त्याला ‘मिलिटरी बूट’ म्हणतो.

आता तुम्ही म्हणाल, बूट ही शहरातल्या साहेबाची चैन, शेतकऱ्याला कशाला? तर एक आकडा ऐका. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही आपल्याकडची चार मुख्य विषारी जनावरं. शेतात चालता-वावरता होणारा दंश बहुधा पायालाच होतो. शिवाय बाभळीचा काटा, तुरीचे आणि पऱ्हाटीचे खुंट, निसटलेला विळा आणि खुरपं आहेच.

सुमारे दोन मिलिमीटर जाडीचं चामडं आणि घोट्याच्या वर गेलेली उंची यांमुळे यातला बराच धोका टळतो. सगळा टळतो असं मात्र समजू नका. घोणशीचे दात लांब असतात, आणि बुटाच्या वर पाय उघडाच असतो. म्हणून बुटावरून सैल, जाड कापडाची विजार सोडावी, हातात काठी ठेवावी, रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरी घ्यावी. बूट घातला म्हणून गवतात बेलाशक पाय टाकू नये.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवतो. गावोगाव फिरताना मी कितीतरी घरांत चांगले, दणकट बूट खुंटीला टांगलेले पाहिले आहेत. का घालत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : “साहेब, चावतात.” सापाला अडवायला आणलेला बूट स्वतःच चावू लागला, तर तो घालणार कोण? म्हणून बूट घेताना आधी माप, मग चामडं, मग सोल आणि शेवटी किंमत, असा क्रम ठेवा. आपण नेमका उलटा क्रम धरतो.

माप कसे घ्यावे

दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडा फुगतो. म्हणून माप संध्याकाळी घ्यावं. जे मोजे घालून काम करणार तेच जाड मोजे घालावेत. जमिनीवर कागद ठेवून त्यावर दोन्ही पायांनी सरळ उभं राहावं आणि दुसऱ्याकडून पेन्सिल उभी धरून पायाभोवती रेघ मारून घ्यावी. दोन्ही पायांची मापं घ्या, कारण एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असणं ही नेहमीची गोष्ट आहे. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा. तो कागद घेऊनच दुकानात जा.

अनवाणी किंवा चपलेवर वाढलेल्या पायाची बोटं मोकळी पसरलेली असतात. आपला पाय चवड्याशी रुंद आणि टाचेशी त्यामानाने अरुंद असतो. पुष्कळ बूट चवड्याशी निमुळते येतात. मग शेतकरी काय करतो? रुंदी पुरावी म्हणून एक-दोन नंबर मोठा बूट घेतो. एका नंबरात लांबीचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर पडतो. चवडा मोकळा होतो, पण टाच आत वरखाली घासू लागते आणि आठ दिवसांत फोड येतो. यावर उपाय म्हणजे लांबी बरोबर ठेवून जास्त रुंदीचा बूट मागणे. नसेल तर दुसऱ्या बनावटीचा पाहणे.

बूट पायात घातल्यावर या चार गोष्टी तपासा :

१. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बांधावरून उतरताना बोटं पुढं आपटता कामा नयेत.

२. बोटं आत हलवता आली पाहिजेत. करंगळी दबत असेल तर तो बूट परत करा. “वापरून सैल होईल” हे दुकानदाराचं बोलणं रुंदीच्या बाबतीत थोडंफार खरं, लांबीच्या बाबतीत मुळीच खरं नाही. चामडं रुंदीला सैल होतं, लांबीला वाढत नाही.

३. नाडी बांधून चाला. नव्या बुटात टाच किंचित उचलली जाईल, तेवढं चालतं. बोटभर उचलली गेली तर माप मोठं आहे.

४. पाय जिथं वाकतो, तिथंच बूट वाकला पाहिजे. खाली बसून पाहा. खुरपायला आणि भांगलायला आपण उकिडवं बसतो, तेव्हा घोट्याशी चामडं रुतता कामा नये.

चामडे आणि सोल यांची पारख

पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, कामठी अशा छावणीच्या गावांत लष्करी पद्धतीचे बूट विकणारी दुकानं असतात. तालुक्याच्या बाजारातही ते मिळतात. पण ‘मिलिटरी’ म्हणून विकलेला प्रत्येक बूट लष्कराच्या प्रतीचा असतो असं नाही. नुसत्या नावावर जाऊ नका.

अंगठ्याने चामडं दाबा. खऱ्या चामड्यावर बारीक, आडव्या-तिडव्या सुरकुत्या पडतात आणि अंगठा काढला की जातात. रेक्झिनवर एकसारखा खळगा पडतो. नंतर जिभेची नाहीतर वरची कापलेली कड पाहा. तिथं धागे-धागे दिसले तर चामडं, कापडावर पातळ पापुद्रा दिसला तर रेक्झिन. मधला एक प्रकार असतो : कातड्याचा आतला थर घेऊन वर रंगाचा जाड लेप दिलेला. तो चकचकीत दिसतो, पण वाकेल तिथं वर्षभरात सोलून निघतो. आपल्याला कातड्याचा वरचा, मूळ दाणेदार थर हवा. तो कमी चमकतो, पण जास्त टिकतो.

सोल तीन तऱ्हांनी बसवतात. नुसता चिकटवलेला सोल स्वस्त पडतो, पण पावसात आणि चिखलात सुटतो. शिवलेला महाग असतो, मात्र झिजल्यावर मोची नवा शिवून देतो. तिसरी तऱ्हा आपल्या सैन्याच्या काळ्या बुटांची : रबर साच्यात तापवून थेट चामड्यावर बसवायचं. यात खालून पाणी शिरत नाही आणि किंमतही आवाक्यात राहते. पण झिजल्यावर मूळच्यासारखा सोल पुन्हा बसत नाही. कोरडवाहू शेतीला हा बूट उत्तम.

एक सावधगिरी जुन्या मालाबद्दल. काही बुटांचा सोल हलक्या, फुगीर पीयूचा असतो. हा सोल न वापरता गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिला तर हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो. वरून नवाकोरा दिसतो आणि चार दिवस चाललं की भाकरीसारखा तुकडे पडून गळतो. म्हणून सोलवर किंवा आत छापलेला महिना-वर्ष पाहा, सोलाच्या कडेला नख रुतवून पाहा, बूट वाकवून चिरा पडतात का पाहा. लष्करी पद्धतीचा मिळाला नाही तर कारखान्यातल्या कामगारांचा उंच ‘सेफ्टी बूट’ही चालतो. त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस १५२९८ हा क्रमांक पाहून घ्यावा.

नवा बूट पायाला कसा सरावावा

नवा खोंड पहिल्याच दिवशी दिवसभर औताला जुंपत नाहीत. बुटाचंही तसंच आहे. पेरणीच्या दिवशी बूट आणू नका. मे महिन्यात आणा, म्हणजे पंधरा दिवस हाताशी राहतील.

पहिले दोन दिवस घरात आणि अंगणात अर्धा-अर्धा तास घाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गावात तासभर फिरा. पाचव्या दिवसापासून शेतात दोन तास हलकं काम करा आणि पिशवीत चपला बरोबर ठेवा. दुसऱ्या आठवड्यात अर्धा दिवस, मग पुरा दिवस. आत पातळ सुती आणि वर जाड असे दोन मोजे घातले तर घासणी पायाऐवजी मोज्यांत होते. नाडी घोट्याशी घट्ट आणि चवड्यावर सैल बांधा, म्हणजे टाच जागेवर राहील.

कुठं गरम लागतंय, चुरचुरतंय असं वाटलं की त्याच क्षणी बूट काढा आणि तिथं चिकटपट्टी लावा. फोड येईपर्यंत थांबू नका. आला तर फोडू नका, स्वच्छ झाकून ठेवा आणि तो बरा होईस्तोवर बूट थांबवा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी विशेष जपावं. त्यांच्या पायाला संवेदना कमी असू शकते, जखम झालेली कळत नाही आणि ती चिघळते. त्यांनी जास्त रुंद, मऊ बूट घ्यावा, रोज संध्याकाळी तळवे आणि बोटांच्या बेचक्या डोळ्यांनी पाहाव्यात आणि शंका आल्यास डॉक्टरांना दाखवावं.

बूट पाण्यात भिजवून उन्हात वाळवला की पायाच्या आकाराचा होतो, असं काहीजण सांगतात. तसं करू नका, चामडं कडक होऊन चिरतं. वाकण्याच्या जागी एरंडेलाची दोन-चार बोटं चोळा आणि रात्रभर ठेवा. एवढं पुरतं. जास्त तेलाने चामडं लिबलिबीत होतं. जवसाचं तेल वाळून कडक होतं, म्हणून ते नको. रॉकेल आणि डिझेल तर मुळीच नको. गावात निवृत्त जवान असतील तर त्यांना विचारा. बूट सरावण्यात त्यांच्याइतका जाणकार माणूस नाही.

रोजची निगा आणि काही पथ्ये

संध्याकाळी चिखल ओल्या फडक्याने पुसावा. बूट भिजला असेल तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत, वाऱ्याला ठेवावा. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये. आठवड्यातून एकदा मेणाचं पॉलिश करावं. सकाळी पाय घालण्याआधी बूट उलटा करून झटकावा. ही सवय घरातल्या मुलांनाही लावा, कारण बुटाचा काळोखी कोपरा विंचवाला फार आवडतो.

दोन कामांना चामड्याचा बूट चालत नाही. पहिलं काम भातखाचराचं. सतत पाण्यात चामडं कुजतं, तिथं रबरी गमबूटच हवा. दुसरं काम औषध फवारणीचं, आणि हे नीट ऐका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. चामडं औषध शोषून घेतं आणि धुऊन ते जात नाही. असा बूट दुसऱ्या दिवशी घातला की तेच औषध पायाला लागत राहतं. फवारणीला गमबूट घालावा, विजार बुटावरून बाहेर सोडावी आणि काम झाल्यावर बूट साबणाने धुवावा.

एवढं करूनही दंश झालाच, तर धावाधाव करू नका. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. सूज चढण्याआधी नाडी सोडून बूट आणि जोडवी-पैंजण हलक्या हाताने काढा, पाय न हलेल असा आधार द्या, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठा. सर्पविषावरची लस तिथंच मिळते.

शेवटचा मुद्दा. घरात बुटाचा एक जोड येतो, तो बहुधा कारभाऱ्याचा. पण गवत कापायला, निंदायला, कापूस वेचायला वाकून पुढं कोण असतं? घरातली बाई आणि मजूर. मुठीत धरलेल्या गवतात काय आहे हे तिला दिसत नाही, आणि पायात तिच्या रबरी स्लिपर. बाईच्या मापाचा बूट दुकानात पटकन मिळत नाही, पण मुलांच्या मापांत तो सापडतो. रुंदी मात्र नीट पाहावी. सालगड्याच्या बोलीत धान्य-कपडे धरता, तसा बुटाचा एक जोडही धरा. दवाखान्याच्या एका खेपेला जे लागतं, त्यापुढं हा खर्च थोडका आहे.

तर बंधू-भगिनींनो, कागद आणि पेन्सिल घ्या आणि आज संध्याकाळीच घरातल्या प्रत्येकाच्या पायाची रेघ मारून ठेवा. बाजाराच्या दिवशी तो कागद खिशात असू द्या. काही अडचण आली तर आपल्या गावाच्या कृषी कर्मचाऱ्याला विचारा किंवा कार्यक्रमाच्या पत्त्यावर पत्र टाका.