कोतवालीपासून एकशे बारापर्यंत : परभणीच्या पोलिसांची गोष्ट

परभणी शहरात एका पोलीस ठाण्याचं नाव आहे ‘कोतवाली’. आपण रोज ते ऐकतो, पण हा शब्द आला कुठून? आजचा भाग त्यावरच.

परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. पहिले सालारजंग दिवाण असताना, १८६५ मध्ये, जिल्हाबंदी झाली. म्हणजे संस्थानाचे रीतसर जिल्हे पाडले, आणि जिल्हा पोलिसांची पगारी व्यवस्था उभी राहू लागली. जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाला म्हणत मोहतमिम कोतवाली. त्याच्या हाताखाली अमीन, मग जमादार, मग जवान. कारभार आधी फारसीत, नंतर उर्दूत. गावातली माणसं मराठी बोलणारी, कागद मात्र फारसी-उर्दूत. आपली तक्रार काय लिहिली गेली, हे तक्रारदारालाच वाचता येत नसे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सप्टेंबर १९४८. रझाकारांच्या दहशतीनंतर १३ ते १७ तारखेदरम्यान भारतीय लष्कर संस्थानात शिरलं. कारवाई लष्कराची, पण नाव पडलं ‘पोलीस ॲक्शन’. आमच्याकडची जुनी माणसं अजून तोच शब्द वापरतात.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पण माणसं एका राज्यात गेली म्हणून कायदा लगेच बदलत नाही. इथं हैदराबादचा १३२९ फसलीचा जिल्हा पोलीस कायदा होता. १९५९ च्या कायद्यानं तो रद्द होऊन १९५१ चा मुंबई पोलीस कायदा लागू झाला. त्यालाच आज आपण महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतो. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा पोलीस दलाचीही वाटणी झाली.

आता आजची रचना. वर मुंबईत पोलीस महासंचालक. मग नांदेड परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक. जिल्ह्याला पोलीस अधीक्षक, आपल्या बोलण्यात ‘एसपी साहेब’. खाली अपर अधीक्षक, उपविभागाला डीवायएसपी, ठाण्याला निरीक्षक. आणि ठाण्यात पाऊल टाकल्यावर आपल्याला भेटतो तो ठाणे अंमलदार. जिल्ह्यात तालुके नऊ. पण जिंतूरच्या किंवा पालमच्या माणसासाठी पोलीस खातं म्हणजे तो एकच टेबल.

गावात असतो पोलीस पाटील. तो पोलीस दलातला नाही बरं का! १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली तो नेमला जातो, मानधनावर. गावात काही घडलं की ठाण्याला पहिली खबर देणं हे त्याचं काम.

हे सगळं सांगायचं कारण काय? डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटलं, धरपकड झाली, आणि अटकेतल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं या प्रकरणी गुन्हा नोंदवायला सांगितलं. विचार करा, तो आदेश मिळायला एका आईला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. खात्याची उतरंड वरून खाली हुकूम न्यायला पक्की आहे. खालून वर दाद जायला ती तेवढी पक्की आहे का, हा खरा प्रश्न.

म्हणून वाट माहीत पाहिजे. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली लेखी तक्रार टपालानं अधीक्षकांकडे पाठवता येते. तिथंही काही झालं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. हद्द आपली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. गुन्हा शून्य क्रमांकानं घ्यावा लागतो. आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, तो हक्क आहे.

निजामाच्या काळात कागद वाचता येत नव्हता. आज तो मराठीत आहे. तेव्हा सही करण्याआधी वाचा, येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा, आणि प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

भेटू पुढच्या भागात.